बेगमीचा हिशेब: आधी पाणी, मग जाळ, मग धान्य

पावसाळ्यात हवामान खात्याचा लाल इशारा आला की किराणा दुकानांपुढे गर्दी होते. लोक पीठ, तांदूळ, बिस्किटे, मेणबत्त्या आणि दुधाच्या पिशव्या घेऊन घरी येतात आणि आपली तयारी झाली असे समजतात. प्रत्यक्ष संकटात मात्र या सामानातून जेवण कसे करायचे, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. वीज नाही म्हणून इंडक्शनची शेगडी चालत नाही, पंप बंद म्हणून टाकीत पाणी चढत नाही, मिक्सर गप्प असतो आणि दुधाच्या पिशव्या आंबू लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांच्या पुराने कोल्हापूर-सांगली वेढले, पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस थांबली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील काही गावांत वीज यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा ज्यांचा शिधा तळमजल्यावर होता त्यांचे धान्य आणि भांडी एकदमच गेली.

या तिन्ही प्रसंगांत धान्य मिळण्यापेक्षा ते शिजवणे अवघड होते. २०१९ च्या पुरात शासनाने बाधित कुटुंबांसाठी १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ जाहीर केले होते. तांदूळ निदान चुलीवर चढवता येतो. गव्हाला मात्र आधी गिरणी लागते आणि गिरणीला वीज. पोत्यात गहू आहे, घरात भूक आहे आणि मधला दुवाच तुटलेला आहे, अशी ही स्थिती असते. म्हणून आपत्तीच्या शिध्याचा विचार किलोंमध्ये करण्याआधी तो किती पाण्यात आणि किती जाळात ताटात येईल, या प्रश्नापासून सुरू करावा लागतो.

चार माणसे, तीन दिवस

एक साधा हिशेब मांडून पाहू. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात एका माणसाला दिवसाला सुमारे २,१०० किलोकॅलरी ऊर्जा मिळावी, असा सर्वसाधारण निकष वापरला जातो. किलोकॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे माप. वेष्टनावर आपण ज्याला नुसते ‘कॅलरी’ म्हणतो तेच. चार माणसांच्या तीन दिवसांसाठी ही गरज २५,२०० इतकी होते. आता ३ किलो तांदूळ, १ किलो डाळ, १ किलो पोहे, पाऊण किलो शेंगदाणे, अर्धा किलो गूळ आणि २०० ग्रॅम तेल एकत्र ठेवले, तर त्यांतून साधारण तेवढीच ऊर्जा मिळते. या सगळ्याचे वजन साडेसहा किलोंच्या आत भरते. बाजारातून एका हाताने आणता येईल अशी ही पिशवी आहे.

आता पाण्याचा हिशेब पाहू. त्याच निकषांनुसार पिण्यातून आणि अन्नातून मिळून एका माणसाला दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी लागते, आणि अगदी प्राथमिक स्वयंपाकासाठी आणखी तीन ते सहा लिटर. आपण स्वयंपाकाचा कमीत कमी आकडा धरला, तरी माणशी सहा लिटर आणि चार माणसांचे तीन दिवसांचे ७२ लिटर होतात. म्हणजे वीस लिटरचे तीन जार भरून वर एक बादली. अंघोळ, कपडे आणि संडास यांचे पाणी यात धरलेलेच नाही. अन्न साडेसहा किलो आणि पाणी बहात्तर किलो, हे प्रमाण एकदा डोळ्यांपुढे आले की दुकानातून आधी काय आणायचे, याबद्दलची आपली कल्पना बदलते. पूर आला की सगळीकडे पाणीच पाणी असते आणि पिण्याजोगे मात्र एक तांब्याही नसतो, हे पूरग्रस्त भागातील कोणीही सांगेल.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची आपली पद्धत चांगली आहे; गाळ त्याने खाली बसतो. परंतु तुरटीने जंतू मरतात असे समजणे चुकीचे आहे. निवळलेले पाणी फडक्यातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे, किंवा क्लोरीनच्या गोळ्या त्यांच्या वेष्टनावरील प्रमाणानुसार वापरून सांगितलेला वेळ थांबावे. इंधन कमी असेल तेव्हा गोळ्या हाताशी असणे फार उपयोगी पडते, कारण पाणी उकळण्यावर खर्च होणारा गॅस भातासाठी वाचतो. इशारा येताच घरातील स्वच्छ भांडी, घागरी आणि कळशा भरून झाकून ठेवणे हे काम मात्र फुकटचे आहे आणि ते सर्वांत आधी व्हावे.

अन्न टिकते म्हणजे नेमके काय होते

पोळी पावसाळ्यात दोन दिवसांत बुरसते, पण सोलापूरकडची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. दोन्ही पिठाच्याच आहेत. फरक आहे तो त्यांतील पाण्याचा, आणि त्यातही ‘मोकळ्या’ पाण्याचा. जंतू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते. परंतु पदार्थात असलेले सगळेच पाणी त्यांना वापरता येत नाही. लोणच्यात किंवा मुरांब्यात पाणी दिसते, हाताला लागतेही, तरी ते टिकतात, कारण ते पाणी मिठाने किंवा साखरेने धरून ठेवलेले असते. विहीर भरलेली आहे, पण पोहरा दुसऱ्यानेच पळवला आहे, असे जंतूंच्या बाजूने म्हणता येईल.

शास्त्रज्ञ हे मोकळे पाणी शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. बहुतेक जीवाणूंना वाढण्यासाठी ०.९१ च्या वरची पातळी लागते, बुरशी त्याहून बऱ्याच कोरड्या पदार्थावरही तग धरते, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. पापड, कुरडया, सांडगे, वाळवलेले बोंबील, सोडे, पोहे, चुरमुरे आणि नीट वाळवलेले धान्य टिकते ते याच पट्टीच्या खालच्या टोकाला राहून. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणे घालणाऱ्या बायकांना हा आकडा माहीत नव्हता, पण ‘कडकडीत वाळले पाहिजे’ हा शब्द होता, आणि तो पुरेसा होता. किनारपट्टीवर आगोटीची खरेदी ही पावसाच्या चार महिन्यांची तरतूदच असे, कारण एकदा पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर आणि वाटा चिखलात, ही दर वर्षीची गोष्ट होती.

मात्र वाळलेला पदार्थ वाळलेलाच राहील, असे गृहीत धरता येत नाही. कोकणातील जुलैच्या हवेत उघडा पापड तासाभरात मऊ पडतो, म्हणजेच तो हवेतील ओलावा शोषून पट्टीवर वर चढू लागलेला असतो. म्हणून डब्याचे झाकण हा टिकाऊपणाचा अर्धा भाग आहे.

किडे आणि पेवाची युक्ती

तांदळातील सोंडे आणि डाळीतील भुंगे यांना ओलावा फारसा लागत नाही; त्यांना हवा लागते. सांगलीजवळच्या हरिपूर भागात हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे होती. पेव म्हणजे वर अरुंद आणि आत रुंद असे मातीतले भांडार. ते तोंडाशी बंद केले की आतील मालाच्या आणि किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. जुन्या काळी धान्याचीही पेवे अशाच रीतीने भरली जात. २००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवे निकामी झाली, कारण जमिनीखालच्या साठ्याला पुराइतका दुसरा शत्रू नाही; परंतु त्यामागचे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

घरात हेच तत्त्व दोन लिटरच्या स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या पाण्याच्या बाटलीत वापरता येते. तांदूळ किंवा डाळ ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर, बाटलीत ठोकून ठोकून काठोकाठ भरावी आणि बूच घट्ट लावावे. आत हवा जितकी कमी तितके बरे. अर्धा भरलेला मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा अशा चार बाटल्या जास्त टिकतात, आणि पाणी घरात शिरू लागले तर त्या माळ्यावर टाकणेही सोपे जाते. डाळीला एरंडेल चोळणे, कडुनिंबाचा पाला घालणे हे उपाय चालू ठेवायला हरकत नाही. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची सवय मात्र सोडावी, विशेषतः या शिध्यासाठी, कारण आणीबाणीत तांदूळ चार पाण्यांनी धुण्याइतके पाणीच नसते.

शेंगदाणे, सुके खोबरे आणि दाण्याचे कूट यांचा शत्रू वेगळा आहे. त्यांतील तेल हवा, उजेड आणि उष्णता यांनी खवट होते. म्हणून कूट करून ठेवण्यापेक्षा अख्खे दाणे ठेवावेत. बुरशीचा वास येणारे किंवा काळपट पडलेले दाणे निवडून बाकीचे खाण्याचा मोह टाळावा. भुईमुगावर आणि मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशी असे विष तयार करतात की ते भाजून किंवा शिजवून जात नाही.

जाळाचा हिशेब

एक लिटर पाणी २७ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७३ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच लिटरभर पाणी उकळून पूर्ण वाफ करायचे असेल, तर त्यानंतर आणखी ५४० लागतात. याचा अर्थ असा, की उकळी येईपर्यंतचा खर्च थोडा आणि उकळत ठेवून वाफ घालवण्याचा खर्च त्याच्या सातपटींहून अधिक. उघड्या पातेल्यात भात रटरटत असतो तेव्हा आपला गॅस भाताकडे कमी आणि छताकडे जास्त जातो. पाणी एकदा १०० अंशांना पोहोचले की जाळ कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यात ते त्याहून गरम होत नाही. फक्त लवकर आटते. मोठ्या जाळावर लवकर शिजते, ही समजूत उकळी येईपर्यंतच खरी आहे.

कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी होते तेव्हा कुकर जास्तीची वाफ बाहेर टाकत असतो. पहिली शिटी झाल्यावर जाळ अगदी बारीक केला, तर आतील दाब तेवढाच राहतो आणि डाळ तितक्याच वेळात शिजते. शिट्या मोजणे ही घड्याळ नसतानाची सोय आहे. प्रत्येक शिटीबरोबर थोडे पाणी आणि थोडा गॅस जातो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. डाळ आधी तासभर भिजत घातली की पाणी तिच्यात जाण्याचे काम जाळाशिवायच होऊन जाते. हे भिजवलेले पाणी फेकू नये, त्यातच डाळ शिजवावी.

याच्या पुढची पायरी म्हणजे गोधडीचा स्वयंपाक. मुगाची डाळ आणि तांदूळ अर्धा तास भिजवून, जाड बुडाच्या पातेल्यात हळद, हिंग, मीठ आणि तिप्पट पाणी घालून झाकण लावून उकळी आणावी आणि मंद जाळावर आठ-दहा मिनिटे ठेवावे. मग झाकण न उघडता पातेले खाली उतरवून वर्तमानपत्रात आणि दोन जाड गोधड्यांत सर्व बाजूंनी, खालूनसुद्धा, गुंडाळून तास-दीड तास तसेच ठेवावे. गोधडी ऊब निर्माण करत नाही; माणसाची असो की पातेल्याची, असलेली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. त्या ऊबेवर खिचडी शिजत राहते. यात दोन पथ्ये पाळावीत. पातेले भरलेले असावे, कारण थोडे अन्न लवकर निवते. आणि उघडल्यावर खिचडी चटका बसेल इतकी गरम नसेल, तर तिला पुन्हा उकळी आणून मगच वाढावी. ५ ते ६० अंश ही जंतूंच्या वाढीची सोयीची पट्टी आहे आणि कोमट भात त्या पट्टीत बराच वेळ राहिला तर त्यात तयार होणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. राजमा या पद्धतीने कधीही करू नये. तो नीट खळखळून उकळला नाही तर पोट बिघडवतो, आणि अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतो.

आणखी एक धोका येथेच सांगायला हवा. गॅस संपला म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून तिच्यावर स्वयंपाक करणे आणि मग तिच्याच ऊबेला झोपणे, यातून दर वर्षी कुठे ना कुठे जीव जातात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नाही आणि माणूस झोपेतून उठत नाही. कोळसा जाळायचा तर गॅलरीत किंवा उघड्यावर.

जाळच नसेल तर

आपल्या स्वयंपाकघरात असे अनेक पदार्थ आहेत जे आधीच शिजलेले किंवा भाजलेले असतात, पण आपण त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहत नाही. पोहे करताना भात, म्हणजे सालासकटचा तांदूळ, भिजवून, भाजून मग चेपलेला असतो. म्हणून पातळ पोहे नुसत्या पाण्याने मऊ होतात आणि पचतात. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, सातूचे पीठ आणि मेतकूट हे सारे याच जातीचे. रवा, साध्या शेवया आणि कणीक मात्र कच्च्या असतात, त्यांना जाळ हवाच. थालीपिठाची भाजणी भाजलेली असली तरी तीही शिजवूनच खावी.

दडपे पोहे हा पदार्थ तर या प्रसंगासाठीच जन्माला आला आहे असे वाटते. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, खोवलेले ओले खोबरे, मीठ, चिमूटभर साखर आणि मिरची कालवून, नारळाचे पाणी शिंपडून त्यावर ताट आणि ताटावर वजन ठेवून पाऊण तास दडपून ठेवायचे. कांद्याला सुटलेले पाणीही पोहेच पितात. वरून फोडणी देता आली तर उत्तमच, न देता आल्यास थोडे कच्चे तेल आणि मूठभर भाजके दाणे. यात लागणारे पाणी अर्धी वाटीसुद्धा नसते आणि तेही नारळातले. असोला नारळ म्हणजे न सोललेला नारळ काही महिने टिकतो. आत स्वच्छ पाणी, बाहेर पुराचे पाणी, आणि मध्ये निसर्गाने केलेले असे बूच, की कोणत्याही कारखान्याने हेवा करावा. दडपे पोह्यांवर पिळायला लिंबू नसेल तर आमसुलाचे पाणी किंवा कोकमाचे आगळ चालते.

सातूच्या पिठात गूळ आणि पाणी घालून लहान मुलांना देता येते, आणि म्हाताऱ्या माणसांनाही ते चावावे लागत नाही. दूध असेल तर अधिक चांगले. नसेल तर अडून राहण्याचे कारण नाही. जाळ पाचच मिनिटे मिळणार असेल, तर कुळथाचे पिठले करावे. कुळीथ आधीच भाजून दळलेले असल्याने ते उकळत्या पाण्यात पेरले की थोड्याच वेळात तयार होते, आणि त्याला भात नसला तरी चुरमुरे किंवा कडक भाकरीचा चुरा घालून पोटभर जेवण होते. हे शेवटचे मिश्रण ऐकायला विचित्र वाटते, परंतु ताटलीत ते फार चांगले लागते.

आपत्तीत चवीचे लाड कशाला?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वरवर पाहता पटतो. पोट भरले म्हणजे झाले, अशा वेळी लोणचे-चटणीचा विचार करणे ही चैन आहे, असे म्हणणारे लोक सहसा पहिल्या दिवशी बोलत असतात. तिसऱ्या दिवशी सलग सहावी बिस्किटे समोर आली की मुले तोंड फिरवतात आणि वडीलधारी माणसे ‘भूक नाही’ म्हणू लागतात. घरात अन्न आहे आणि तरीही माणसे कमी खात आहेत, हा प्रकार मदतकार्यात सर्वत्र दिसतो. भीती आणि थकवा यांनी भूक आधीच मेलेली असते. तिला जागे करायला ओळखीचा वास लागतो. मेतकूट-भातावर साजूक तुपाचा एक थेंब पडला, की तो घास घरचा होतो.

म्हणून शिध्याच्या डब्यात एक लहान डबी चवीची असावी. लसणाची किंवा कारळाची चटणी, कांदा-लसूण मसाला, लिंबाचे लोणचे, आमसुले, गूळ, चहाची पावडर, आणि खाणाऱ्यांच्या घरात थोडा जवळा किंवा सुकट. इथे एक ताळमेळ मात्र सांभाळावा लागतो. खारट पदार्थ तहान वाढवतात आणि पाणी तर आपण मोजून ठेवलेले आहे. सुकट, पापड आणि खारवलेली मिरची ही चवीपुरतीच. पाणी कमी पडू लागले की ती आधी बाजूला सारावीत आणि आंबट-गोडाकडे वळावे.

कोणता पदार्थ आधी खायचा

वीज गेली की सर्वांत आधी फ्रिजमधील अन्न संपवावे आणि सुका शिधा तसाच राहू द्यावा. दार उघडले नाही तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. त्यामुळे पहिल्या जेवणात दूध, पनीर, उरलेली भाजी आणि मासे, पुढच्या दिवशी फ्रीझरमधील मटार-मटण, आणि त्यानंतरच डबे उघडावेत. कांदे, बटाटे, भोपळा आणि सुरण ही मधल्या काळाची भाजी.

पुराचे पाणी लागलेले अन्न हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे. वर्षाचे धान्य भिजलेले डोळ्यांसमोर असते आणि ते उन्हात वाळवून वापरावे असे कोणालाही वाटते. पुराच्या पाण्यात मात्र गटारातील घाण, मेलेली जनावरे आणि शेतातील औषधे मिसळलेली असतात, आणि ऊन त्यांतले काहीच धुऊन काढत नाही. झाकणाचे स्टीलचे डबेही जलरोधक नसतात. पाण्याखाली गेले तर आतील पीठ-धान्य टाकून द्यावे लागते. न फुगलेले, न गंजलेले, यंत्राने सीलबंद केलेले पत्र्याचे डबेच काय ते स्वच्छ धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येतात. यासाठी तर नदीकाठच्या घरात शिधा कायम माळ्यावर हवा.

तयार पाकिटे घेऊन ठेवली तर?

बाजारात मिळणारी ‘गरम करा आणि खा’ प्रकारची पाकिटे खरोखर टिकतात, आणि त्यामागे जादू नाही. थरांच्या मजबूत पाकिटात अन्न भरून, सील करून ते दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवले जाते, म्हणजे मोठ्या कुकरमध्ये पाकिटासकट शिजवले जाते. आतले जंतू मरतात आणि बाहेरचे आत येऊ शकत नाहीत. म्हैसूर येथील संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी अशी जेवणे विकसित केली आहेत. घरी दोन-चार पाकिटे असावीत, विशेषतः आजारी माणसासाठी. सगळा शिधाच तसा ठेवणे मात्र महाग पडते, आणि ती पाकिटे रोजच्या खाण्यातली नसल्याने मुदत संपल्यावरच आठवतात. झटपट शेवयांच्या पाकिटांबद्दलही हाच विचार करावा. त्यांना दीड-दोन कप उकळते पाणी लागते, आणि आपली टंचाई नेमकी त्याचीच असते.

दहा मिनिटांत घरपोच सामान आणणाऱ्या सेवा असताना हे सगळे कशाला, असे शहरातील वाचक विचारतील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माणसांना स्वतःच्या घरी पोहोचायला रात्र लागली. ज्या रस्त्याने आपण जाऊ शकत नाही, त्या रस्त्याने दुचाकीवरचा मुलगाही येऊ शकत नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही करू नये. जागा नाही, ही अडचण साडेसहा किलोंच्या पिशवीला लागू होत नाही. पाण्याला होते, हे मान्य आहे, आणि म्हणून लहान घरात निदान दोन जार आणि रिकाम्या कळशा इतके तरी पाहावे.

ही साठेबाजी तर नव्हे? साठेबाजीचा अर्थ टंचाईच्या वेळी माल अडवून ठेवणे. आपण मे महिन्यात, माल मुबलक असताना, चार-पाच किलो जास्तीचे घेतो, आणि मग इशाऱ्याच्या दिवशी दुकानात जात नाही. त्या दिवशीचा माल रोजंदारीवर जगणाऱ्यांसाठी मोकळा राहतो.

डबा बंद करून विसरायचा नसतो

सर्वांत जास्त शिधा किड्यांनी किंवा पुराने वाया जातो असे नाही. तो विस्मरणाने जातो. ‘आपत्तीसाठी’ म्हणून वेगळा बांधून ठेवलेला डबा दोन वर्षांनी उघडला, तर दाणे खवट आणि पोहे कुबट निघतात. म्हणून घरात रोज जे खाल्ले जाते, तेच थोडे जास्त ठेवावे. नवीन पोहे आणले की ते मागे, आधीचे पुढे. बाटलीवर भरल्याची तारीख पेनाने लिहिलेला कागद चिकटवावा. ज्या घरात सातूचे पीठ कोणालाच आवडत नाही, त्या घराने ते केवळ पौष्टिक म्हणून ठेवू नये. मधुमेही माणूस असेल तर गुळाऐवजी फुटाणे आणि दाणे वाढवावेत. तान्हे मूल असेल तर आईचे दूध चालू ठेवणे सर्वांत सुरक्षित, कारण अस्वच्छ पाण्यात कालवलेली दुधाची पावडर अशा काळात फार घातक ठरते. आणि त्या आईच्या वाट्याचे पाणी व अन्न इतरांपेक्षा अधिक धरावे.

मृगाच्या आधीचा एखादा रविवार या तयारीच्या चाचणीला द्यावा. सकाळी मेन स्विच आणि नळ बंद करावेत, आणि रात्रीपर्यंत फक्त शिध्याच्या डब्यातून, मोजलेल्या पाण्यात, गॅसच्या एकाच शेगडीवर तीन वेळा खावे. संध्याकाळपर्यंत बऱ्याच गोष्टी कळतात. भांडी घासायला किती पाणी गेले, आणि ताटावर केळीचे पान किंवा जुने वर्तमानपत्र घातले असते तर किती वाचले असते. डबा उघडायचे हत्यार घरातच नाही. काडेपेटी सादळलेली आहे. आणि मिक्सर बंद असल्यामुळे दाण्याची चटणी करायची तर खलबत्ता लागतो, जो गेल्या दिवाळीच्या साफसफाईत जड म्हणून गावी पाठवून दिलेला असतो.